विंडो बंद, प्रोग्रॅम चालूच

पतसंस्था, दवाखाने, घाऊक दुकानं यांना विंडोजवरचे प्रोग्रॅम लिहून देणाऱ्या कुणालाही विचारा, ही तक्रार त्याला तोंडपाठ असते: ‘साहेब, संध्याकाळपर्यंत मशीन पार रडायला लागतं, आणि बॅकअप घ्यायला गेलं की फाइल वापरात आहे म्हणतं. सॉफ्टवेअर तर केव्हाच बंद केलंय.’ टास्क मॅनेजर उघडायला लावला की उलगडा होतो. पडद्यावर एकही विंडो नसते, पण यादीत त्याच प्रोग्रॅमच्या चार-पाच प्रती ठाण मांडून बसलेल्या असतात. सकाळपासून जितक्या वेळा उघडला-मिटला, तितक्या.

मूळ बहुतेक वेळा लॉगिनच्या विंडोत सापडतं. विंडोज फॉर्म्समध्ये ‘ॲप्लिकेशन-रन’ या आज्ञेला जी विंडो द्यावी, तिच्या आयुष्याशी सगळ्या प्रोग्रॅमचं आयुष्य बांधलं जातं. नवशिका तिथं लॉगिनची विंडो देतो. पासवर्ड बरोबर आला की ती लपवतो आणि मुख्य विंडो दाखवतो. वापरणारा दिवसभर मुख्य विंडोत काम करतो आणि जाताना तिचीच फुली दाबतो. ती जाते. प्रोग्रॅम मात्र लॉगिनची विंडो बंद व्हायची वाट बघत असतो, आणि ती तर लपलेली. तिची फुली दाबणार कोण?

इथून दुरुस्त्यांची मालिका सुरू होते. आधी मुख्य विंडोच्या ‘फॉर्म-क्लोजिंग’मध्ये ‘ॲप्लिकेशन-एक्झिट’ लिहिलं जातं. मग ‘खरंच बाहेर पडायचं का?’ हा प्रश्न दोनदा यायला लागतो, कारण ती आज्ञा प्रत्येक उघड्या फॉर्मला नव्यानं ‘बंद होतोस का?’ असं विचारत फिरते आणि त्यात आधीच बंद होत असलेला फॉर्मही आला. वैतागून माणूस ‘एन्व्हायर्नमेंट-एक्झिट’वर येतो. हिनं प्रोग्रॅम जातो, नक्की जातो, पण कुणालाही न विचारता. तिसऱ्या विंडोत अर्धवट भरलेली पावतीही त्याच्याबरोबर जाते. आगीतून फुफाट्यात. खरी दुरुस्ती दोन-चार ओळींची आहे. लॉगिनची विंडो ‘शो-डायलॉग’नं दाखवायची, तिनं उत्तर देऊन निघून जायचं, आणि त्यानंतरच मुख्य विंडो ‘ॲप्लिकेशन-रन’च्या हाती द्यायची. सारख्याच मानाच्या दोन-चार विंडो असतील, तर ‘ॲप्लिकेशन-कॉन्टेक्स्ट’ ही स्वतः विंडो नसलेली वस्तू मध्ये घालून मोजदाद तिच्याकडे सोपवायची.

विंडोचं आयुष्य आणि प्रोग्रॅमचं आयुष्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रोग्रॅम कधी संपवायचा हे ठरवायचा अधिकार कुठल्याही विंडोकडे असू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. गेल्या चाळीस वर्षांतल्या पद्धती तपासल्या, तर ज्यांनी हा अधिकार वेगळा काढला त्यांचं बरं चाललं. बाकीच्यांनी ते भिजत घोंगडं प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या गळ्यात टाकलं.

ही फाटाफूट अगदी सुरुवातीपासूनची. १९८४च्या मॅकिंटॉशवर मेन्यूची पट्टी पडद्याच्या माथ्यावर होती, म्हणजे ती प्रोग्रॅमची होती, विंडोची नव्हती. एकेक करून सगळे कागद मिटले तरी पट्टी तिथंच राहायची. प्रोग्रॅम संपवायला ‘क्विट’ ही वेगळी आज्ञा. १९८७मध्ये मल्टिफाइंडर आल्यावर एका वेळी अनेक प्रोग्रॅम चालू लागले, तरी ही विभागणी टिकली, आणि आजच्या मॅकवरही ती तशीच आहे. शेवटची विंडो बंद केल्यावर संपायचं का, असं मॅक प्रोग्रॅमला विचारतो खरा, पण प्रोग्रॅमनं काही सांगितलं नाही तर उत्तर ‘नाही’ असं धरतो. गणकयंत्रासारख्या एकाच विंडोच्या छोट्या साधनांनी तेवढं ‘हो’ म्हणावं, अशी रीत.

विंडोजनं मेन्यू विंडोच्या आत ठेवला. त्यामुळे बघणाऱ्याला विंडो म्हणजेच प्रोग्रॅम वाटला, आणि हा समज लिहिणाऱ्यांमध्येही उतरला. आतली साखळी मात्र चांगली विचारपूर्वक केलेली आहे. फुली दाबली की विंडोला ‘डब्ल्यूएम-क्लोज’ हा निरोप जातो. ही फक्त विनंती. विंडो ती बेलाशक नाकारू शकते. ती मान्य झाली की विंडो मोडली जाते आणि मोडता मोडता ‘डब्ल्यूएम-डिस्ट्रॉय’ येतो. तरीही प्रोग्रॅम चालूच असतो. कुणीतरी ‘पोस्ट-क्विट-मेसेज’ हाक मारली तरच निरोपांचं चक्र थांबतं आणि प्रोग्रॅम शेवटाकडे वळतो. चार्ल्स पेटझोल्ड यांच्या ‘प्रोग्रॅमिंग विंडोज’ या १९८८ साली पहिल्यांदा निघालेल्या ग्रंथावर एक अख्खी पिढी शिकली. त्यातल्या पहिल्या उदाहरणात एकच विंडो आहे, म्हणून ही हाक ‘डिस्ट्रॉय’मध्येच मारलेली आहे आणि तिथं ती बरोबरच आहे. तोच तुकडा उचलून दुसऱ्या, तिसऱ्या विंडोला चिकटवला की घोडं पेंड खातं: कोपऱ्यातली शोधाची छोटी विंडो मिटली आणि सगळा प्रोग्रॅम गेला. पाठ्यपुस्तकातलं एका विंडोचं उदाहरण खऱ्या कामात जसंच्या तसं नेल्यानं जितकं नुकसान झालंय, तितकं या विषयात दुसऱ्या कशानंही झालेलं नाही.

व्हिज्युअल बेसिकच्या काळात प्रकरण आणखी मजेशीर होतं. १९९८ साली आलेली त्याची सहावी आवृत्ती आपल्याकडे गावोगावच्या कम्प्युटर क्लासांत शिकवली गेली, आणि तिच्यात लिहिलेले हिशेबाचे प्रोग्रॅम काही कचेऱ्यांत आजही तग धरून आहेत. तिथं ‘एंड’ अशी एका शब्दाची आज्ञा होती. ती दिली की प्रोग्रॅम जागच्या जागी संपे. फॉर्मच्या ‘अनलोड’मध्ये आवराआवरीसाठी लिहिलेलं काहीही चालत नसे. ती टाळून एकेक फॉर्म ‘अनलोड’ करावा तर दुसरीच मेख. मिटलेल्या फॉर्मवरच्या एखाद्या लेबलचं नुसतं नाव कुठल्या टायमरमध्ये आलं, की तो फॉर्म गुपचूप पुन्हा मेमरीत चढे, न दिसता. विंडो दिसत नाही, प्रोग्रॅम संपत नाही, आणि कारण असतं भलत्याच मॉड्यूलमधली घड्याळाची वेळ दाखवणारी एक ओळ. यावर उपाय म्हणजे सगळे टायमर आधी थांबवायचे आणि मगच फॉर्म उतरवायचे. हा क्रम पुढच्या प्रत्येक पद्धतीत या ना त्या रूपात भेटतो.

युनिक्सकडच्या एक्स विंडो प्रणालीत विंडोची चौकट रंगवणारा विंडो मॅनेजर हा स्वतंत्र प्रोग्रॅम. त्यानं फुली दाबल्याचं कळवायचं तर समोरच्या प्रोग्रॅमनं ‘डब्ल्यूएम-डिलीट-विंडो’ हा करार आपल्याला समजतो असं आधी जाहीर केलेलं असावं लागतं. केलेलं नसेल, तर मॅनेजरच्या हातात धसमुसळे मार्गच उरतात. त्यातला एक म्हणजे त्या प्रोग्रॅमचा एक्सशी असलेला संबंधच तोडणं. मग फुली दाबलेली विंडो जाते आणि तिच्यासोबत त्या प्रोग्रॅमच्या बाकीच्या सगळ्याही. एक्सची जागा घेणाऱ्या वेलँडमध्ये हा घोळ मुळातूनच नाही. तिथं प्रत्येक विंडोला ‘बंद हो’ अशी विनंतीच येते आणि निर्णय प्रोग्रॅमचा.

पुढच्या पिढीच्या साधनांनी शेवटची विंडो मिटली की संपायचं, असा ढोबळ नियम स्वीकारला. क्यूटीमध्ये तो मुळातच चालू असतो. जीटीकेमध्ये ‘ॲप्लिकेशन’ नावाची वस्तू आपल्याकडे नोंदलेल्या विंडो मोजते आणि आकडा शून्यावर आला की निघते. विंडो नसतानाही थांबायचं असेल तर ‘होल्ड’ म्हणायचं आणि काम झालं की ‘रिलीज’. ही मला सगळ्यांत सरळ योजना वाटते, कारण छपाई चालू आहे, फाइल वर चढतेय, अशी विंडो नसलेली कामंही त्याच हिशेबात बसतात. इलेक्ट्रॉनवर लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये ‘सगळ्या विंडो मिटल्या’ हा निरोप आला की मॅक असेल तर थांब, नाही तर संप, अशा दोन ओळी जवळजवळ सगळीकडे असतात. मॅक आणि विंडोज यांचं जुनं भांडण असं एका ‘इफ’मध्ये मिटवून टाकलेलं.

जावाच्या स्विंगमध्ये प्रत्येक विंडोला फुलीचा अर्थ वेगळा सांगता येतो: काही करू नको, लपव, मोड, किंवा प्रोग्रॅम संपव. न सांगितल्यास ‘लपव’. शिकवणीतल्या पहिल्या धड्यात ‘प्रोग्रॅम संपव’ लिहायला लावतात आणि विद्यार्थी तो धडा जन्मभर पाळतात. अहवाल दाखवणाऱ्या विंडोलाही तीच ओळ जाते, अहवाल मिटला की नोंदीची विंडोही गायब. स्विंगमध्ये सगळीकडे ‘मोड’ लिहिणं बरं. शेवटची विंडो मोडली आणि दुसरा कुठला महत्त्वाचा धागा (थ्रेड) चालू नसला, तर जावा आपण होऊन संपतं.

डब्ल्यूपीएफ या मायक्रोसॉफ्टच्या पुढच्या साधनाची गंमत थोडी थांबून बघण्यासारखी आहे. तिथं तीन पर्याय दिलेत: शेवटची विंडो मिटल्यावर संप, मुख्य विंडो मिटल्यावर संप, किंवा सांगितल्याशिवाय संपू नको. पहिला मुळातला. आता विंडोज फॉर्म्समध्ये शहाणा झालेला माणूस इथं येतो आणि लॉगिनची विंडो डायलॉग म्हणून आधी दाखवतो, तिथं शिकलेल्या बरोबर रीतीनं. पासवर्ड बरोबर, डायलॉग मिटतो, आणि मुख्य विंडो उघडायच्या आतच प्रोग्रॅम संपतो. कारण त्या क्षणी उघड्या विंडोंची संख्या शून्य झाली आणि मोजणाऱ्यानं आपलं काम चोख केलं. तिथं लॉगिनमुळे प्रोग्रॅम मरत नव्हता, इथं लॉगिनमुळे जन्मतच नाही. वर पहिली उघडलेली विंडो आपोआप ‘मुख्य’ ठरते, म्हणून दुसरा पर्यायही आंधळेपणानं लावून भागत नाही. सुरुवातीला ‘सांगितल्याशिवाय संपू नको’ ठेवायचं, लॉगिन उरकायचं, मुख्य विंडो कोणती ते स्वतः सांगायचं आणि मग पर्याय बदलायचा. मोठ्या प्रोग्रॅममध्ये तर तो बदलायचाच नाही. संपायची आज्ञा एका जागेवरून, एकाच फंक्शनमधून जावी.

कोण ठरवणार हे मार्गी लागलं की प्रश्न येतो कसं संपवायचं. इथं अनुभवी लोकांमध्ये फारसा मतभेद नाही: आधी सगळ्यांना विचारायचं, सगळ्यांचा होकार आला की मगच मोडायला घ्यायचं. विंडोज स्वतः बंद होताना असंच करतं. आधी ‘क्वेरी-एंड-सेशन’ हा प्रश्न, मग ‘एंड-सेशन’ हा निकाल, आणि निकाल ‘राहू द्या’ असाही असू शकतो. मॅकवर प्रोग्रॅमला तीन उत्तरं देता येतात: आत्ता संप, संपू नको, थोडं थांब मग सांगतो. फायरफॉक्समध्येही बाहेर पडायची विनंती आणि ती मंजूर झाल्याची घोषणा हे दोन वेगळे निरोप आहेत.

विचारणं आणि मोडणं एकाच फेरीत केलं तर काय होतं? समजा, पाच विंडो उघड्या आहेत. पहिल्या तीन मिटल्या. चौथीत न जतन केलेला मजकूर आहे, तिनं विचारलं, आणि माणूस म्हणाला ‘रद्द करा’. त्याच्या मते त्यानं बाहेर पडणंच रद्द केलं. समोर मात्र पाचांऐवजी दोनच विंडो. क्यूटीमधली ‘सगळ्या विंडो मिटव’ ही आज्ञा अशीच एकेक करत जाते आणि पहिल्या नकारापाशी थांबते, म्हणून तिच्या भरवशावर राहण्याआधी आपली प्रश्नांची फेरी आपण वेगळी काढलेली बरी. क्यूटीच्या सहाव्या आवृत्तीपासून नुसत्या ‘क्विट’लाही विंडो नकार देऊ शकतात, पाचवीत ती आज्ञा विंडोंना न विचारताच चक्र थांबवायची. जुना प्रोग्रॅम नव्या आवृत्तीवर नेताना हा फरक हटकून अंगाशी येतो. ज्याला आपण मघा नावं ठेवली, त्या विंडोज फॉर्म्सच्या ‘ॲप्लिकेशन-एक्झिट’चं इथं मात्र कौतुक करायला हवं. ती सगळ्या फॉर्मना आधी विचारून घेते, एकानंही नाही म्हटलं तर कुणालाच मिटवत नाही. शिवाय बंद होण्याचं कारण फॉर्मला कळतं: माणसानं फुली दाबली, विंडोज बंद होतंय, टास्क मॅनेजरनं हाकललं, की प्रोग्रॅमनंच ठरवलं. या कारणाकडे न बघता प्रत्येक वेळी तोच ‘नक्की का?’ विचारणारे फॉर्मच फार.

प्रश्न किती आणि कसे विचारायचे, यातही तरतमभाव आहे. न जतन केलेले दहा कागद असतील, तर एकामागून एक दहा डायलॉग म्हणजे छळ. दहाव्यापर्यंत माणूस न वाचता बटण दाबतो. मॅकची कागद सांभाळणारी यंत्रणा एकदाच सांगते की इतक्या कागदांत बदल आहेत, तपासायचे का. बटणांवर ‘होय’ आणि ‘नाही’ लिहिणं तर बंदच व्हायला हवं. ‘बदल न जतन करता बाहेर पडायचं का?’ याला ‘नाही’ म्हणजे काय? ‘जतन करा’, ‘टाकून द्या’, ‘परत जा’ असं क्रियापदच बटणावर असलं की चुका कमी होतात. ॲलन कूपर यांनी ‘अबाउट फेस’ या १९९५च्या पुस्तकात याही पलीकडचा आक्षेप घेतला होता. जतन करायचं का, हा प्रश्न मुळात माणसाचा नाहीच. मेमरी आणि डिस्क वेगवेगळ्या आहेत ही यंत्राची अडचण त्याच्या गळ्यात मारलेली आहे. व्हिज्युअल बेसिकचा जनक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माणसानं हे लिहावं, आणि त्या भाषेतल्या जवळपास प्रत्येक प्रोग्रॅमनं तोच प्रश्न विचारत राहावं!

होकार मिळाला की मोडण्याआधी एक काम करायचं असतं आणि ते हमखास विसरलं जातं: कोणत्या विंडो कुठं उघड्या होत्या याची नोंद. ती एकेक विंडो मिटताना ताजी करत गेलात, तर शेवटी नोंदीत एकच विंडो उरते. ब्राउझरमध्ये याचं रूप अनेकांनी पाहिलेलं असेल. मागे कुठंतरी एक छोटी जाहिरातीची विंडो उघडलेली असते, तीस टॅबची मुख्य विंडो आधी मिटवली जाते, मग ती जाहिरात दिसते आणि तीही मिटवली जाते. दुसऱ्या दिवशी मागचं सत्र परत आणा म्हटलं तर जाहिरात हजर होते. फायरफॉक्सच्या इतिहासाच्या मेन्यूत ‘नुकत्याच मिटलेल्या विंडो’ अशी सोय आहे, तिथून मुख्य विंडो परत मिळते. पण मेन्यूतून ‘बाहेर पडा’ म्हटलं असतं, तर ही वेळच आली नसती, कारण तिथं आधी नोंद होते आणि नंतर विंडो मिटतात. ‘फाइल’ मेन्यूतलं ‘एक्झिट’ हल्लीच्या देखण्या प्रोग्रॅममधून काढून टाकायची टूम निघालीय. अनेक विंडोंच्या प्रोग्रॅममधून ते काढू नये.

मोडण्याचा क्रम बांधण्याच्या उलट. नवीन काम घेणं थांबवायचं, टायमर थांबवायचे, पार्श्वभूमीतल्या धाग्यांना थांबायला सांगायचं आणि ते खरंच थांबेपर्यंत वाट बघायची, लिहायचं ते डिस्कवर लिहायचं, डेटाबेसची जोडणी सोडायची, आणि सगळ्यांत शेवटी पडद्यामागच्या वस्तू. सांगायला सोपं. गाडं अडतं ते ‘वाट बघायची’ इथं. विंडोचा धागा म्हणतो, कामाचा धागा संपल्याशिवाय मी हलणार नाही. कामाचा धागा शेवटचा टप्पा गाठतो आणि ‘शंभर टक्के पूर्ण’ एवढं प्रगतीच्या पट्टीवर दाखवण्यासाठी विंडोच्या धाग्याला हाक मारतो, त्याचं उत्तर येईपर्यंत थांबतो. दोघंही एकमेकांची वाट बघत बसतात आणि विंडोवर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ येतं. हा डेडलॉक चाचणीत क्वचित सापडतो, कारण चाचणी करणारा काम चालू असताना बाहेर पडत नाही. गिऱ्हाईक नेमकं तेव्हाच पडतं. म्हणून वाट बघताना विंडोच्या धाग्यानं निरोप घेणं थांबवू नये, किंवा कामाच्या धाग्यानं उत्तराची अपेक्षा न ठेवता निरोप टाकून पुढं जावं. बंद होणं सुरू झाल्याचं एक निशाण ठेवून त्यानंतरच्या पट्टीबिट्टीच्या हाका सोडूनच द्याव्यात.

डॉटनेटमध्ये हातानं बनवलेला धागा मुळात ‘फोरग्राउंड’ असतो, म्हणजे तो संपल्याशिवाय प्रोग्रॅम संपत नाही. त्याला ‘बॅकग्राउंड’ केलं की लटकणं थांबतं, म्हणून इंटरनेटवरची सल्लेबाजी तेवढंच सांगून मोकळी होते. पण बॅकग्राउंडचा धागा प्रोग्रॅम संपताना जिथं असेल तिथं तोडला जातो, आणि तो फाइल लिहीत असेल तर अर्धी फाइल उरते. लटकणारा प्रोग्रॅम निदान दिसतो तरी. एक्सेलला आतून चालवणारे प्रोग्रॅम तर स्वतः नीट संपूनही मागे न दिसणारं एक्सेल सोडून जातात, कारण एखाद्या सेलचा किंवा पानाचा संदर्भ सोडायचा राहिलेला असतो.

आवराआवरी किती करायची, यावर मायक्रोसॉफ्टचे रेमंड चेन यांचं म्हणणं प्रसिद्ध आहे: इमारत पाडायला घेतली असताना आतली फरशी झाडत बसू नका. प्रोग्रॅम संपला की त्याची सगळी मेमरी विंडोज काढून घेतंच, मग लाखभर वस्तू एकेक करून मोकळ्या करण्यात वेळ कशाला घालवायचा? उलट त्या नादात डिस्कवर ढकललेली मेमरी परत वर आणली जाते आणि बाहेर पडायला उगाच वेळ लागतो. सी-प्लस-प्लसमध्ये वाढलेल्यांना हे पटायला जड जातं. पण फरक एवढाच लक्षात ठेवायचा: प्रोग्रॅमच्या पोटातलं जे आहे ते सोडून द्यावं, आणि प्रोग्रॅमबाहेर जे राहणार आहे, म्हणजे फाइल, डेटाबेस, सर्व्हरवरचं कुलूप, तात्पुरत्या फाइली, ते नीट लावून जावं. लिब्रेऑफिस मध्येच मेलं की फोल्डरमध्ये टिंबानं सुरू होणारी आणि अखेरीस चौकटीचं चिन्ह असलेली ‘लॉक’ फाइल मागे राहते. सामायिक फोल्डर असेल तर दुसऱ्या टेबलावरच्या माणसाला कागद कुणीतरी वापरतंय असा इशारा येतो, आणि तो कुणीतरी तर केव्हाच घरी गेलेला असतो.

हे सगळं करायला वेळ किती मिळतो? फार नाही. विंडोज बंद होताना प्रोग्रॅमनं साधारण ५ सेकंदांत उत्तर दिलं नाही, तर व्हिस्टापासून सगळा पडदा व्यापून ‘हा प्रोग्रॅम बंद होऊ देत नाहीये’ असं नावानिशी सांगितलं जातं आणि तरीही बंद करायचं बटण पुढं येतं. खरंच अडवायची गरज असेल, उदाहरणार्थ डिस्क लिहिली जात असेल, तर कारण एका वाक्यात नोंदवायची सोय व्हिस्टापासून आहे. ते वाक्य त्या पडद्यावर दिसतं. ती वापरणारे प्रोग्रॅम मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. लिनक्सवर आधी ‘सिग-टर्म’ हा सभ्य संकेत येतो, मग ‘सिग-किल’, जो कुणालाच अडवता येत नाही. तिथल्या सेवा सांभाळणारं सिस्टमडी त्यांना या दोहोंमध्ये मुळात ९० सेकंद देतं. फायरफॉक्सनं स्वतःवरच घड्याळ लावलंय. बंद होण्याचा एखादा टप्पा ६० सेकंदांत सरला नाही, तर तो मुद्दाम क्रॅश होतो आणि कोण अडवत होतं याचा अहवाल मागे ठेवतो. लटकून राहण्यापेक्षा पुराव्यासकट मेलेलं बरं, हा हिशेब मला पटतो. त्याआधी ‘फायरफॉक्स आधीच चालू आहे पण प्रतिसाद देत नाही’ हा निरोप पुष्कळांनी पाहिलाय. विंडो मिटल्या, माणसानं लगेच पुन्हा उघडायला घेतला, आणि पहिली प्रत अजून प्रोफाइलवर कुलूप लावून आवरतेय, असा तो प्रकार.

आणि कधी कधी ५ सेकंदही मिळत नाहीत. २००५ नंतरच्या वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रात तासन्‌तास भारनियमन चाललं, तेव्हा बॅटरी उतरलेल्या यूपीएसवरचे कम्प्युटर कुणालाही न विचारता जायचे. त्या काळात टिकले ते प्रोग्रॅम बंद होताना काही राखून ठेवत नव्हते. प्रत्येक नोंद झाली की लगेच डिस्कवर. त्याच्या थोडं आधी, २००३मध्ये, जॉर्ज कँडिया आणि आर्मांडो फॉक्स यांनी ‘क्रॅश-ओन्ली’ सॉफ्टवेअरची कल्पना एका निबंधात मांडली. प्रोग्रॅमला थांबवायचा एकच मार्ग असावा, क्रॅश. आणि सुरू व्हायचा एकच, सावरून उठणं. सावरण्याची वाट तशीही लिहावीच लागते, मग नीट बंद होण्याची दुसरी वाट वेगळी कशाला ठेवायची? एसक्यूलाइट या डेटाबेसवर बेतलेले प्रोग्रॅम आज बऱ्याच अंशी असेच वागतात. साध्या फाइलीसाठीही रीत ठरलेली आहे: नवी फाइल वेगळ्या नावानं लिहायची, ती डिस्कवर पोचल्याची खात्री करायची, आणि मग जुनीच्या जागी आणायची. मधे वीज गेली तरी दोहोंपैकी एक पूर्ण फाइल उरते.

या वाटेनं गेलं की जतन करायचं का, हा प्रश्नच गळून पडतो. २०११च्या लायन आवृत्तीपासून मॅकवर कागद आपोआप जतन होऊ लागले आणि पुढच्या वेळी विंडो जिथल्या तिथं उघडू लागल्या. त्याच्या आधीच्याच आवृत्तीत प्रोग्रॅमला ‘मला केव्हाही तोडलंत तरी चालेल’ असं कळवायची सोय झाली होती. असं कळवलेल्या प्रोग्रॅमला मॅक न विचारता तोडतो आणि बंद व्हायचा वेळ वाचतो. विंडोजच्या साध्या नोटपॅडनंही २०२३पासून विचारणं सोडलं. काही न जतन करता मिटवा, परत उघडल्यावर मजकूर तिथंच. हिशेबाच्या प्रोग्रॅमला मात्र हे जसंच्या तसं लावता येत नाही. अर्धवट भरलेलं व्हाउचर आपोआप नोंदलं गेलं तर तेरीज कशी जुळायची? तिथं मसुदा वेगळ्या जागी ठेवावा, खात्यात नोंद फक्त माणसानं स्वीकारल्यावर, आणि बाहेर पडताना ‘एक मसुदा शिल्लक आहे’ एवढंच सांगावं. व्यवहारातल्या प्रोग्रॅमसाठी मला तरी याहून चांगला मधला मार्ग दिसत नाही.

त्यात आता बंद करणारा नेहमी माणूसच असतो असंही नाही. रात्री अपडेट येतं, विंडोज मशीन पुन्हा सुरू करतं, आणि डायलॉगला उत्तर द्यायला खुर्चीत कुणी नसतं. यासाठी व्हिस्टापासून ‘रीस्टार्ट मॅनेजर’ आहे. प्रोग्रॅमनं आधी नाव नोंदवलेलं असेल, तर बंद होताना ‘तुला अपडेटसाठी बंद करतोय’ असं वेगळं सांगितलं जातं आणि नंतर दिलेल्या सूचनांसकट तो परत सुरू केला जातो. अट एवढीच की तो किमान ६० सेकंद चाललेला असावा, नाही तर सुरू होताच कोसळणारा प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा उठवला गेला असता. अशा वेळी प्रश्न विचारायचा नाही, मसुदा ठेवायचा, विंडोंची यादी ठेवायची आणि निघायचं. चाचणीतही हा प्रसंग मुद्दाम घालावा: चार विंडो उघडाव्यात, एकीत छपाईचा डायलॉग उघडा ठेवावा, दुसरीत अर्धी नोंद, पार्श्वभूमीला एखादा मोठा अहवाल चालू, आणि त्यात मशीन रीस्टार्ट करावं. मग टास्क मॅनेजर, तात्पुरत्या फाइलींचा फोल्डर आणि परत उघडलेल्या विंडो, तिन्ही ठिकाणी बघावं.